कानाने भरता येईल असा फॉर्म

वाशिम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा. जिल्ह्यातल्या या सहा तालुक्यांपैकी कुठल्याही गावी पतसंस्थेत, कृषी सेवा केंद्रात किंवा बाजार समितीतल्या एखाद्या दुकानात गेलात, तर काउंटरवरच्या संगणकावर बहुधा एकाच घडणीचं सॉफ्टवेअर दिसतं. करडी खिडकी, डावीकडे नावं, उजवीकडे चौकोन, खाली ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’. इंटरनेट असो वा नसो, ते चालतं. जुन्या संगणकावरही चालतं. वेब आणि मोबाईलच्या जमान्यात ते टिकून आहे ते त्यामुळेच.

असे फॉर्म अनेकदा जवळपासचाच कोणी प्रोग्रॅमर लिहितो आणि तोच वर्षानुवर्षं दुरुस्त करतो. हा लेख त्याच्यासाठी आहे आणि त्याच्याकडून सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या संस्थाचालकांसाठीही आहे. प्रश्न एवढाच: काउंटरवर बसलेला लिपिक अंध असेल, तर त्याला हा फॉर्म कुणाची मदत न घेता भरता येईल का?

हा प्रश्न दूरचा वाटतो, पण तसा तो नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी दृष्टिदोष असल्याची नोंद केली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी आस्थापनांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखीव असतात आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांचा असतो. म्हणजे माणूस परीक्षा देऊन खुर्चीपर्यंत पोचतो. पुढे त्याचं काम अडतं ते समोरच्या फॉर्ममुळे.

स्क्रीन रीडर वाचतो काय

अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रोग्रॅमच्या आधारे. ‘एनव्हीडीए’ हा त्यातला मोफत आणि खुला प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी, जे स्वतः अंध आहेत, २००६ मध्ये तो लिहायला घेतला. ‘जॉज’ विकत घ्यावा लागतो. ‘नॅरेटर’ विंडोजसोबत आयताच मिळतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’मध्ये मराठी आवाजही आहे. तो यांत्रिक आहे, पण सवय झालेला माणूस तो भलत्या वेगाने ऐकतो.

फॉर्म भरताना हा प्रोग्रॅम पडद्यावरचं चित्र बघत नाही. टॅब दाबून तुम्ही एखाद्या चौकोनात गेलात, की तो विंडोजला विचारतो: आत्ता फोकस कुठे आहे? त्याचं नाव काय, प्रकार कोणता, स्थिती कशी, आत मजकूर काय? ही विचारपूस करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’च्या रूपाने दिली आणि पुढे ‘यूआय ऑटोमेशन’ आलं. चार उत्तरं नीट मिळाली तर ऐकू येतं: ‘वजन क्विंटल, एडिट, ब्लँक.’ नावाचं उत्तर कोरं असेल तर नुसतं ‘एडिट, ब्लँक’. दहा चौकोनांचा फॉर्म असेल तर दहा वेळा तेच.

सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे. ‘वजन’ हा शब्द आणि त्याच्या शेजारचा चौकोन यांचं नातं डोळ्याला आपोआप कळतं, कारण ते शेजारी आहेत. लाल रंगाचा अर्थ कळतो, चौकटीत घेतलेल्या गोष्टी एका गटाच्या आहेत हे कळतं, खाली उमटलेला आकडा वरच्या दोन आकड्यांचा गुणाकार आहे हेही कळतं. यातलं काहीच विंडोजला ठाऊक नसतं. पडद्यावर जे नातं नुसतं दिसतं, ते कोडमध्ये लिहून ठेवावं लागतं. पुढची प्रत्येक सूचना या एकाच गोष्टीतून निघते.

उदाहरणासाठी बाजार समितीतल्या आडत दुकानात चालेल असा ‘आवक नोंद’ फॉर्म घेऊ. त्यात दिनांक, शेतकऱ्याचं नाव, तालुका, गाव, माल (सोयाबीन, तूर, हरभरा), कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, पैसे देण्याची पद्धत आणि शेवटी एकूण रक्कम आहे.

प्रत्येक चौकोनाला त्याचं नाव द्या

डॉटनेटच्या ‘विनफॉर्म्स’मध्ये चौकोनाला वेगळं नाव दिलेलं नसेल, तर टॅबच्या क्रमात त्याच्या लगेच आधी येणाऱ्या लेबलचा मजकूर त्याचं नाव म्हणून घेतला जातो. सोय चांगली आहे, पण तिच्यातच खड्डा आहे. समजा आधी सगळे चौकोन ओढून ठेवले, मग सगळी लेबलं ठेवली, आणि नंतर ग्राहकाच्या आग्रहावरून ‘तोलाई’ मध्येच घुसवली. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसतं. पण टॅबइंडेक्सचा क्रम वेगळाच असतो. परिणामी तोलाईच्या चौकोनावर गेल्यावर ऐकू येतं ‘हमाली’. लिपिक तिथे हमाली भरतो आणि हिशोबपट्टी चुकते. नाव नसलं तर माणूस निदान थांबतो आणि विचारतो. चुकीचं नाव त्याला बिनदिक्कत पुढे नेतं.

म्हणून दोन गोष्टी करा. लेबलचा टॅबइंडेक्स त्याच्या चौकोनाच्या बरोब्बर एक आधी ठेवा. आणि जिथे शंका असेल तिथे चौकोनाच्या ‘ॲक्सेसिबलनेम’ या गुणधर्मात नाव स्वतः लिहा. ‘डब्ल्यूपीएफ’मध्ये हेच काम ‘लेबल’चं ‘टार्गेट’ किंवा ‘ऑटोमेशनप्रॉपर्टीज’मधलं ‘नेम’ करतं. जावा स्विंगमध्ये ‘सेटलेबलफॉर’ आहे, क्यूटीमध्ये ‘सेटबडी’ आहे. भाषा कुठलीही असो, सोय असते. ती वापरायची राहून जाते, इतकंच.

नाव देताना संक्षेप टाळा. पडद्यावर जागा कमी म्हणून आपण ‘ता.’, ‘मु.पो.’, ‘क्वि.’, ‘रु.’ लिहितो. डोळा ते सवयीने पुरं करतो. आवाज ‘ता’ म्हणून मोकळा होतो. पडद्यावर संक्षेप राहू द्या, पण ॲक्सेसिबलनेममध्ये ‘तालुका’, ‘वजन क्विंटलमध्ये’, ‘भाव रुपये प्रति क्विंटल’ असं पूर्ण लिहा. एककही तिथेच सांगा, कारण चौकोनाच्या उजवीकडे सुटं लिहिलेलं ‘क्विंटल’ त्या चौकोनासोबत ऐकू येत नाही. भरायलाच हवी अशी माहिती नुसत्या लाल ताऱ्याने दाखवत असाल, तर नावातच ‘आवश्यक’ हा शब्द जोडा.

फक्त चित्र असलेल्या बटणांचंही तसंच. प्रिंटरचं चित्र असलेलं बटण ‘बटण’ एवढंच सांगतं. त्याला ‘पावती छापा’ असं नाव द्या. आणि चित्राच्या चौकटीवर क्लिकचा कोड लिहून तिलाच बटण म्हणून चालवू नका. टॅबने तिच्यापर्यंत जाताच येत नाही.

टॅबचा क्रम आणि एंटरची सवय

फॉर्म ऐकणाऱ्याला एका वेळी एकच जागा कळते. त्यामुळे टॅबचा क्रम हाच त्याच्यासाठी फॉर्मचा आराखडा असतो. शेतकऱ्याचं नाव, मग तालुका, मग गाव. माल, कट्टे, वजन, भाव. कागदी पावती ज्या क्रमाने भरली जाते तोच क्रम ठेवा. दोन स्तंभांचा फॉर्म असेल तर आधी डावा स्तंभ पूर्ण होऊ द्या. ‘जतन करा’ शेवटी यायला हवं.

आपल्याकडे हिशोबाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एंटर दाबून पुढच्या चौकोनात जायची सवय झालेली असते. ती सोय जरूर द्या. पण ती देताना टॅब आणि शिफ्ट-टॅब मोडू नका. मोबाईल क्रमांकाचे दहा आकडे झाले की फोकस आपोआप पुढे ढकलण्याचा मोहही आवरा. अंध माणूस आपण काय टाकलं ते ऐकत असतो, तोवर फोकस दुसरीकडे गेलेला असतो, आणि त्याने सवयीने दाबलेला टॅब त्याला आणखी एक घर पुढे नेतो.

माऊसशिवाय होत नाही असं एकही काम फॉर्ममध्ये नको. डबल क्लिकने उघडणारी यादी, उजव्या क्लिकचा मेनू, ओढून सोडण्याची क्रिया, या सगळ्यांना कीबोर्डचा पर्याय द्या. शॉर्टकट ठरवताना इन्सर्ट, कॅप्सलॉक आणि आकड्यांच्या पॅडवरच्या बाणांना हात लावू नका. त्या कळा स्क्रीन रीडर स्वतःच्या आज्ञांसाठी वापरतो.

मराठी फॉर्ममध्ये ऑल्टच्या शॉर्टकटची एक खास अडचण आहे. लेबलमध्ये ‘&नाव’ असं लिहिलं तर ऑल्ट आणि ‘न’ दाबून तिथे जाता यायला हवं, पण त्यासाठी त्या क्षणी कीबोर्ड मराठीवर असावा लागतो. इंग्रजीवर असेल तर शॉर्टकट मुका. जपानी आणि चिनी विंडोजने यावर फार पूर्वी तोडगा काढला: आपल्या लिपीतल्या शब्दानंतर कंसात एक इंग्रजी अक्षर लिहायचं आणि ‘&’ त्याच्या आधी ठेवायचा. मराठीतही तसंच करा. एकच अक्षर दोन चौकोनांना जाणार नाही एवढं बघा.

याद्या: तीन ‘म’ आणि दोन मालेगाव

तालुक्याच्या यादीसाठी विंडोजचा साधा कॉम्बोबॉक्स वापरा. त्यात बाणांनी फिरता येतं आणि अक्षर टाइप करून उडी मारता येते. वाशिम जिल्ह्याच्या यादीत ‘म’ दाबलं की मालेगाव, मंगरूळपीर आणि मानोरा असे तीन तालुके आळीपाळीने येतात. साधा कॉम्बोबॉक्स प्रत्येकाचं नाव बोलतो, म्हणून काही बिघडत नाही. स्वतः रंगवलेली, दिसायला देखणी यादी मात्र बहुतेक वेळा गप्प बसते.

यादी जिल्ह्याबाहेर जात असेल तर नावं पूर्ण लिहा. मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे. कारंजा (लाड) आपल्याकडे आणि कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात. शिरपूर म्हटलं की जैन तीर्थाचं आपलं शिरपूरही असतं आणि धुळे जिल्ह्यातलंही. पडद्यावर जिल्ह्याचा स्तंभ शेजारी दिसतो म्हणून गोंधळ होत नाही. ऐकणाऱ्याला ‘मालेगाव, जिल्हा वाशिम’ असंच सांगावं लागतं.

तालुका निवडला की गावांची यादी भरायची, हा नेहमीचा प्रकार. कोड बहुधा ‘निवड बदलली’ या घटनेवर लिहिलेला असतो. डोळस माणूस माऊसने थेट ‘रिसोड’वर क्लिक करतो, तेव्हा ही घटना एकदाच घडते. बाणांनी जाणारा माणूस मात्र वाटेतल्या प्रत्येक तालुक्यावर थांबतो, आणि प्रत्येक थांब्यावर डेटाबेसमधून गावं ओढली जातात. संगणक अडखळतो, आवाज तुटतो. हा कोड फोकस चौकोनातून बाहेर पडताना चालवा.

गट, तारीख आणि न मिळणारी बेरीज

‘रोख’, ‘धनादेश’, ‘बँक खात्यात’ ही तीन रेडिओ बटणं ‘ग्रुपबॉक्स’मध्ये ठेवा आणि त्याचं शीर्षक ‘पैसे देण्याची पद्धत’ असं लिहा. मग त्या गटात शिरताना आधी शीर्षक ऐकू येतं, नंतर बटण. नुसती रेघ आखून वर लेबल चिकटवलं तर ‘रोख, रेडिओ बटण’ एवढंच कळतं. कशाची रोख, ते गुलदस्त्यात.

तारखेसाठी कॅलेंडर उघडणारं कंट्रोल दिलंत तरी टाइप करता येईल असा साधा चौकोनही ठेवा. त्याच्या नावात ‘दिवस, महिना, वर्ष’ हा क्रम सांगा. आधीच खालच्या रेघा भरून ठेवलेला साचा टाळा. ऐकणाऱ्याच्या वाट्याला ‘अंडरस्कोअर’ची माळ येते.

‘एकूण रक्कम’ दाखवायला अनेक जण चौकोन ‘डिसेबल’ करून ठेवतात. डिसेबल केलेल्या चौकोनात टॅबने जाता येत नाही. म्हणजे वजन, भाव, हमाली सगळं भरणाऱ्या माणसाला हिशोब किती झाला तेच कळत नाही. तो चौकोन ‘रीडओन्ली’ करा, टॅबच्या क्रमात ठेवा आणि त्याला नाव द्या. तिथे गेल्यावर ‘एकूण रक्कम, एडिट, रीडओन्ली’ आणि आकडा असं ऐकू येईल. त्याला बदलता येणार नाही, पण वाचता येईल.

चूक सांगा, जागा दाखवा

चौकोनाशेजारी लुकलुकणारं लाल चिन्ह आणि त्यावर माऊस नेल्यावर दिसणारा संदेश, ही विनफॉर्म्समधली लाडकी पद्धत. तिच्या भरवशावर राहू नका. ‘जतन करा’ दाबल्यावर काहीच घडत नाही असं अंध लिपिकाला वाटतं आणि तो पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

याऐवजी क्रम असा ठेवा. जतन करताना चुका तपासा. विंडोजच्या साध्या ‘मेसेजबॉक्स’मध्ये त्या शब्दांत सांगा, स्क्रीन रीडर तो आपणहून वाचतो. ‘चुकीची माहिती’ असं मोघम न लिहिता ‘वजन भरलेलं नाही. भाव शून्यापेक्षा जास्त हवा’ असं लिहा. संदेश बंद झाला की फोकस पहिल्या चुकलेल्या चौकोनात न्या. आणि तोच मजकूर त्या चौकोनाच्या ‘ॲक्सेसिबलडिस्क्रिप्शन’मध्ये ठेवा, म्हणजे तिथे पोचल्यावर कारण पुन्हा ऐकू येतं. चूक दुरुस्त झाल्यावर तो पुसायला विसरू नका.

नोंद जतन झाल्याचंही सांगावं लागतं. खालच्या पट्टीत हिरव्या अक्षरात उमटून जाणारं ‘नोंद जतन झाली’ कुणी वाचत नाही. नव्या डॉटनेटमध्ये लेबलला ‘लाइव्हसेटिंग’ देऊन बदल झाल्याची सूचना पाठवता येते. डब्ल्यूपीएफमध्येही ती सोय आहे. मात्र तिचा अतिरेक नको. प्रत्येक आकडा टाइप केल्यावर बदलती बेरीज बोलली गेली, तर आपण काय टाकतोय तेच ऐकू येईनासं होतं.

तक्ते

एका पावतीवर तीन-चार माल असतील तर ग्रिड लागतं. विनफॉर्म्सचं ‘डेटाग्रिडव्ह्यू’ बऱ्यापैकी बोलतं, पण प्रत्येक स्तंभाला शीर्षकाचा मजकूर द्यावा लागतो. त्यात टॅब दाबला की फोकस पुढच्या घरात जातो, त्यामुळे ग्रिडमध्ये शिरलेला माणूस बाहेर पडायला शेवटच्या घरापर्यंत चालत राहतो. ‘स्टँडर्डटॅब’ हा गुणधर्म खरा केलात की बाणांनी आत फिरता येतं आणि टॅबने बाहेर पडता येतं. एका ओळीचा बदल आहे.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लेक्सग्रिड’वर एक तरंगता चौकोन ठेवून माहिती भरून घेण्याची पद्धत होती. ती अंध माणसाला वापरता येत नाही, कारण ग्रिड सगळं चित्रासारखं रंगवतं आणि चौकोनाला आपण कुठल्या घरावर आहोत याचा पत्ताच नसतो. यावर उपाय म्हणजे मालाच्या नोंदीचे चौकोन वर घ्या, ‘यादीत टाका’ असं बटण द्या आणि खाली फक्त वाचायची यादी साध्या ‘लिस्टव्ह्यू’मध्ये दाखवा.

मराठी मजकुराचा प्रश्न

आता जी गोष्ट इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत सापडत नाही तिच्याकडे वळू. आपल्या भागातल्या कित्येक जुन्या फॉर्मवर मराठी अक्षरं दिसतात, पण आत मराठी नसते. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. पडद्यावर ‘नाव’ दिसतं. कृतिदेवमध्ये त्यामागे साठवलेली अक्षरं असतात यू, के, ओ. स्क्रीन रीडर फॉन्ट बघत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. त्यामुळे ‘नाव’च्या जागी ‘उको’ असलं काहीतरी ऐकू येतं. टॅबचा क्रम निर्दोष असला, नावं बिनचूक जोडलेली असली, तरी सगळा फॉर्म अगम्य.

हे फॉन्ट आळसाने आले नव्हते. व्हिज्युअल बेसिक ६ ची मूळ कंट्रोल्स युनिकोड जाणत नाहीत; ती जुन्या कोडपेजवर चालतात. आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेज कधी नव्हतंच. युनिकोड मराठी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. मग फॉन्टची युक्ती हाच मार्ग उरला. पण मायक्रोसॉफ्टने व्हीबी ६ चं विकसन-साधन ८ एप्रिल २००८ नंतर वाऱ्यावर सोडलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लेबलं, याद्या आणि डेटाबेसमधला साठलेला मजकूर सगळं युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधनं सहज मिळतात. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार माणसाकडून तपासून घ्या.

युनिकोड आल्यावर एक नवी गंमत होते. काही मराठी कीबोर्डांवर आकडेही देवनागरी उमटतात. लिपिक ‘४५००’ भाव टाकतो. डॉटनेट प्रत्येक अक्षराबद्दल ‘हा आकडा आहे’ असं मान्य करतं, पण संख्येत रूपांतर करताना तोच मजकूर नाकारतं. डोळस माणूस पडद्यावर बघून ओळखतो की कीबोर्ड मराठीवर राहिला. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही लिप्यांतला आकडा तितकाच बरोबर वाटतो आणि फॉर्म अडतो. म्हणून संख्येच्या चौकोनात देवनागरी आकडे आले तर तुमच्या कोडने ते मुकाट्याने बदलून घ्यावेत.

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी

सगळ्यांनाच काहीच दिसत नाही असं नसतं. काहींना मोठं केलं की दिसतं, काहींना काळ्यावर पिवळं दिसतं. फॉर्ममध्ये स्वतःचे रंग ठोकून बसवण्याऐवजी विंडोजचे सिस्टीम रंग वापरा, म्हणजे हाय कॉन्ट्रास्ट चालू केल्यावर फॉर्मही बदलतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा फरक ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. फिकट करड्यावर पांढरं त्यात बसत नाही. आणि विंडोजने अक्षरं दीडपट केली की लेबल चौकोनाखाली दडपलं जात नाही ना, तेही बघा.

जुनं सॉफ्टवेअर नव्याने लिहिणं शक्य नसेल तर

व्हीबी ६ चं लेबल ही खरी विंडो नसते. ते फॉर्मवर रंगवलेलं असतं. डेल्फीच्या नेहमीच्या लेबलचंही तसंच. त्यामुळे शेजारच्या चौकोनाला त्यापासून नाव मिळतच नाही. तरी एक वाट आहे. विंडोजमध्ये ‘डायनॅमिक ॲनोटेशन’ नावाची सोय आहे. तिच्यामार्फत कुठल्याही चौकोनाच्या विंडो हँडलला बाहेरून नाव जोडता येतं. फॉर्म उघडताना प्रत्येक चौकोनासाठी एकदा ती हाक मारायची. फॉर्मचं रूप, डेटाबेस, छपाई यातल्या कशालाही हात लागत नाही. जावात लिहिलेलं सॉफ्टवेअर असेल आणि स्क्रीन रीडर पूर्ण गप्प असेल, तर आधी त्या संगणकावर ‘जावा ॲक्सेस ब्रिज’ चालू आहे का ते बघा. कित्येकदा दोष तेवढाच असतो.

सगळं एकदम करता येणार नसेल तर आधी नावं, मग टॅबचा क्रम, मग चुकांचे संदेश, मग युनिकोड, आणि शेवटी ग्रिड. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला नसेल तर पहिल्या तीन गोष्टींनीच रोजच्या नोंदीचं बरंचसं काम मोकळं होतं.

तपासायचं कसं

एनव्हीडीए उतरवून घ्या. त्याच्या ‘टूल्स’ मेनूत ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे. जे बोललं जातं ते तिथे अक्षरात दिसतं. सुरुवातीला आवाजाची सवय नसताना त्याचा फार उपयोग होतो. नंतर तो बंद करा, मॉनिटर बंद करा, माऊस काढून ठेवा आणि ‘आवक नोंद’ उघडून एक पावती पूर्ण करा. मग मुद्दाम चूक करा: भाव कोरा सोडा, तारीख उलटी टाका. जुनी नोंद शोधून तिच्यात बदल करा. पावती छापा. प्रत्येक ठिकाणी एकच कसोटी: हेच शब्द फोनवर कुणाला सांगितले असते, तर त्याला फॉर्म भरता आला असता का?

मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स’ हे साधन नाव नसलेले चौकोन पटकन शोधून देतं. पण हमालीचं नाव तोलाईला गेलंय हे त्याला कळत नाही. ते कानानेच पकडावं लागतं.

शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून फॉर्म भरून घ्या. बँकांत, शाळांत, सरकारी कार्यालयांत अशी माणसं काम करतात. फुकट मदत म्हणून न मागता, हे तपासणीचं काम आहे असं समजून त्याचा मोबदला द्या. त्या व्यक्तीच्या शेजारी बसून तुम्ही काही सुचवू नका. ती कुठे थांबते एवढंच लिहून घ्या.

करून घेणाऱ्यांनी काय मागावं

‘हे नियम सरकारी कार्यालयांसाठी’ असं समजणाऱ्या संस्थाचालकांनी २०१६ चा कायदा उघडून पाहावा. त्यातल्या ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत कंपन्या आणि न्यासांबरोबर सहकारी संस्थाही येतात. सेवा देणाऱ्यांनी, ते सरकारी असोत वा खासगी, सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यावी असं कलम ४६ सांगतं. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं बजावलं. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमाशी जोडला गेला. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते यावरून कळतं.

म्हणून नवं सॉफ्टवेअर करून घेताना किंवा जुन्याच्या देखभालीचा करार करताना चार वाक्यं त्यात घाला. सर्व कामं माऊसशिवाय करता यावीत. प्रत्येक चौकोन, यादी आणि बटण एनव्हीडीएमध्ये आपलं नाव बरोबर सांगेल. सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये असेल. पुढे केलेल्या प्रत्येक बदलानंतर ही तपासणी पुन्हा होईल. चौथं वाक्य वगळू नका, कारण नीट केलेला फॉर्म बिघडतो तो बहुधा नंतर घुसवलेल्या एखाद्या चौकोनाने. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी प्रोग्रॅमरला तुमच्यासमोर बसवा, मॉनिटर बंद करा आणि एक पावती कानाने भरून दाखवायला सांगा.